उगवतीकडची साल

"तिकडनं न्हाई!"

बायाक्कानं माझ्या मनगटावर अशी सणसणीत चापट मारली, की हातातला विळा सुटून दगडावर खणकन वाजला.

"काल धरनं किती येळा सांगितलं? साल उगवतीकडनं काढायची. हितनं न्हाई."

मी उभी होते ती जागा झाडाच्या मावळतीला होती. पायवाट तिथूनच जायची, जमीन सपाट होती आणि कुड्याचं खोड हात लांब केला की सापडेल असं समोर होतं. उगवतीला मात्र उतार सुरू व्हायचा तो थेट ओढ्यापर्यंत, तिकडे त्याला वगळ म्हणतात. तिकडून साल काढायची म्हणजे कारवीची झुडपं धरत खाली उतरायचं, एक पाय मुळीवर रोवायचा, दुसरा देवाच्या भरवशावर सोडायचा, एका हाताने खोडाला मिठी मारायची आणि उरलेल्या हाताने विळा चालवायचा. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत वाढलेली. उतरणं म्हणजे मला रंकाळ्याच्या पायऱ्या उतरणं माहीत.

"आक्का, साल ती साल. इकडची काय नि तिकडची काय?"

"गुण उगवतीच्या सालीत असतोय."

"कोण म्हणतं?"

"माजा आज्जा म्हनायचा. त्येचा आज्जा म्हनायचा. तू कोन?"

मी कोण, ते सांगायला हवं. मी शैलजा मगदूम, तेव्हा वय वर्षं सव्वीस, रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. माझा विषय होता पांढऱ्या कुड्याच्या सालीतली अल्कलॉइडं. कुड्याची साल आवेवर, म्हणजे पोटात मुरडा येऊन रक्त पडायला लागतं त्यावर, गुणकारी, हे आपल्याकडे कुठलाही वैद्य डोळे मिटून सांगेल. माझे मार्गदर्शक नाडगौडा सर डोळे मिटून काही मानणाऱ्यांतले नव्हते. सालीत नेमकं किती आणि काय आहे ते मला मोजून दाखवायचं होतं.

पहिले सहा महिने पाण्यात गेले. काष्ठौषधींच्या दुकानातून मी जी पोतंभर साल आणली, तिच्यात निम्मी काळ्या कुड्याची निघाली. दोन्ही झाडं दिसायला सख्ख्या बहिणी, दोघींच्या अंगातून पांढरा चीक येतो. पण गुण एकीतच. सर म्हणाले, "मगदूम, यापुढे जी साल आणाल तिचं झाड स्वतःच्या डोळ्यांनी बघा." आमच्या प्रयोगशाळेतले आप्पा चौगुले गारगोटीकडचे. त्यांनीच मला बायाक्का लांबोरचं नाव सांगितलं आणि एसटीत बसवून दिलं.

गारगोटीपासून पुढे एक एसटी, मग दोन तासांची चढण, आणि वर पठारावर तो गवळी धनगरांचा वाडा. अकरा घरं, कारवीच्या कुडाची, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. बायाक्का पन्नाशीची, काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, नऊ म्हशींची मालकीण. तोंडात सदा मिश्री आणि जिभेला धार. मी औषधी झाडाचं विचारायला आलेय म्हटल्यावर तिने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं, दोन झाडांच्या सालीचे दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "चाट."

मी एक चाटला. काहीच नाही. दुसरा चाटला आणि घशापर्यंत इतकं कडू झालं, की डोळ्यांत पाणी आलं.

"रडीवलं त्यो पांढरा कुडा," ती म्हणाली. "बगिटलंस? झाली तुजी परीक्षा. सा म्हैनं काय करत हुतीस?"

त्या दिवसापासून ती मला मास्तरीण म्हणायला लागली. मी कॉलेजात शिकवत नाही, शिकतेय, हे तिला चार वेळा सांगून पाहिलं, मग नाद सोडला.

तर ते झाड. आसपास कुडे पुष्कळ होते, पण सगळे मनगटाएवढे, दर वर्षी कुंपणाला नाहीतर सरपणाला तुटणारे. साल धरावी असं जून खोड एवढं एकच, सव्वादोन फूट घेराचं. आषाढात ओढा चढला की वाड्याचा खालच्या गावाशी संबंध तुटायचा, कधी आठ दिवस, कधी पंधरा. नेमकी तेव्हाच पोरांना आव लागायची. डॉक्टर गारगोटीत. अशा वेळी त्या अकरा घरांना आसरा दोघांचाच, हे झाड आणि बायाक्का. झाड कुणी तोडायचं नाही, त्याखाली म्हैस बांधायची नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

साल काढायच्या आदल्या दिवशी सूर्य कलताना ती मला तिथे घेऊन गेली होती. बुंध्याशी हळदीचे तांदूळ ठेवले आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "उद्या येतो गं बाई. पोरास्नी लागतंय म्हनून. रागावू नगंस." मला हसू आलं. तिने ते पाहिलं.

आणि आता सकाळी ही चापट. मुकाट्याने खाली उतरले, दोनदा घसरले, गुडघा फोडून घेतला आणि उगवतीकडची साल काढली. चार बोटं रुंद, वीतभर लांब, तेवढीच. त्या बाजूला जुने व्रण होते, एकाखाली एक, भरून आलेले. बायाक्का व्रण चाचपून नवी जागा दाखवायची. काढून झाल्यावर तिने उघड्या लाकडावर शेण लिंपलं आणि वर तळहात ठेवून क्षणभर थांबली.

"आता हिला काय करनार?" परत येताना तिने विचारलं.

मी सांगितलं. वाळवून कुटायची. अमोनियात भिजवायची. क्लोरोफॉर्ममध्ये तिचा अर्क उतरवायचा, तो आम्लात घ्यायचा, मग त्यात एका औषधाचे थेंब टाकायचे, की पाणी दुधासारखं गढूळ होतं. पुढे शुद्ध करत गेलं की पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक मिळतात. कोनेसिन त्यांचं नाव. "तुम्ही मला चाटायला लावलंत ना, तो कडूपणा त्याचाच."

"म्हंजी तुमी कडूपना बाटलीत भरता."

"तसंच."

"आनि ग्वाडपना कुटं भरून ठेवलाया का कुनी?"

त्या तीन दिवसांत तिने मला नाचणीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा वाढला, पाटावर बसवून डोक्याला तेल चोपडलं, माझ्या विरळ केसांना नावं ठेवली आणि जाताना तुपाचा एक डबा बळंच पिशवीत कोंबला. माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. डोक्याला तेल लावून घ्यायची सवय मोडली होती. एसटीत बसल्यावर उगाच रडू आलं, ते मी आप्पांनासुद्धा सांगितलं नाही.

सरांना मी उगवतीच्या सालीची गंमत सांगितली. मला वाटलं, हसतील. ते चष्मा काढून म्हणाले, "हसताय काय? चारी दिशांची साल आणा आणि मोजा. असं कुणी केलेलं नाही. तुमच्या थिसिसचं एक स्वतंत्र प्रकरण होईल." मला रात्रभर झोप लागेना. स्वतंत्र प्रकरण!

पौषात मी पुन्हा वर गेले.

"चारी बाजूची?" बायाक्कानं म्हशीच्या आचळांवरचा हात थांबवला. "कशापायी?"

"बघायचं, गुण खरंच उगवतीला आहे का."

"आनि नसला तर?"

"नाही म्हणून लिहायचं."

"आनि असला तर?"

"तर तुमच्या आज्जांचं नाव पुस्तकात छापून येईल."

ती खदखदून हसली. "त्येचं नाव कुनाला ठावं हाय! आज्जाच म्हनायचो." मग हसू आवरून म्हणाली, "न्हाई, मास्तरीन. बाकी काय बी माग. म्हैस माग. झाडाला तसं करायचं न्हाई."

मी पुष्कळ सांगून पाहिलं. ती बधली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सामान बांधायला घेतलं. ती उंबऱ्यात बसून मिश्री लावत होती.

"एवडं तोंड पाडाया काय झालं?"

आणि मग मी सगळंच सांगून टाकलं. वडिलांनी मला जूनपर्यंत मुदत दिली होती. जूनपर्यंत थिसिस पुरा झाला तर ठीक, नाहीतर इचलकरंजीचं स्थळ तयार होतं, सुताची गिरणी, एकुलता एक मुलगा. त्यांचं तसं चुकत नव्हतं. आई नसलेली पोर, किती दिवस ठेवणार? पण मला गिरणी नको होती, मला माझं प्रकरण हवं होतं. बोलता बोलता, नको नको म्हणताना, डोळे भरून आलेच.

 बायाक्काने चूळ भरली.

"माजं लगीन झालं तवा मी अकरा वर्साची. मला कुनी जून न्हाई दिला नि जुलै न्हाई दिला." ती उठली, आढ्यातून विळा काढला आणि माझ्या हातात दिला. "चल. एकदाच. मी मागं वळून हुबी ऱ्हातो. बगनार न्हाई."

ती खरंच पाठ करून उभी राहिली. मी चारी बाजूंनी एकाच उंचीवर, फूटपट्टी लावून, चार बोटं रुंद आणि हातभर लांब अशा चार पट्ट्या काढल्या. नीट, काटकोनात. मला माझ्या हाताचा अभिमान वाटला. शेण तिने लिंपलं, चारी जागी, आणि त्या दिवशी ती तळहात ठेवून जरा जास्तच वेळ थांबली.

प्रयोगशाळेत कुटलेल्या सालीने काचेच्या चार मोठ्या बरण्या भरल्या. महिनाभर क्लोरोफॉर्मच्या वासात काढला. प्रत्येक सालीचे तीन तीन नमुने, प्रत्येकाचं वजन दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत. उगवती दोन पूर्णांक तीन टक्के. मावळती दोन पूर्णांक तीन. उत्तर दोन पूर्णांक दोन. दक्षिण दोन पूर्णांक तीन. दिशेने काडीचाही फरक पडत नव्हता. तो तक्ता माझ्या थिसिसच्या एकशे सातव्या पानावर आहे. आता मी निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, पण त्यातला एक आकडा कुणाला बदलावा लागलेला नाही.

ही बातमी मी स्वतः वर जाऊन सांगितली. पत्राने कळवता आली असती, पण मला बायाक्काचा चेहरा पाहायचा होता. माघ संपत आला होता. तिच्या अंगणात पाच-सहा बायका दूध विरजायची मडकी घासत बसल्या होत्या. मी कोळशाने जमिनीवर गोल काढला, त्याच्या चार दिशा काढल्या आणि प्रत्येकीपुढे आकडा लिहिला. वाचता कुणालाच येत नव्हतं, पण मी ते रंगवून सांगितलं.

"म्हणजे बघा, चारी बाजूंची साल सारखीच. कुठूनही काढा, गुण तोच."

शेजारच्या सोनाबाई झोरेंना एवढा आनंद झाला, की त्यांनी मडकं बाजूला ठेवलं. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. "बरं झालं बाई! आता त्या वगळीत उतराया नगं. गेल्या साली घसरले ती पार वड्यात."

बायाक्का कोळशाच्या गोलाकडे पाहत होती.

"चांगलं मोजलंस न्हवं?"

"तीन तीन वेळा."

"मग आमचं वाडवडील येडं म्हन की."

"वेडे नाही हो. त्यांच्याकडे तराजू नव्हता, एवढंच."

"बरं," ती म्हणाली. "तू शिकल्याली. तू म्हनतीस तर तसं." आणि मला जेवायला वाढलं. लोण्याचा गोळा नेहमीएवढाच होता.

त्यानंतर मी गेले ती वैशाखात. प्रकरण लिहून झालं होतं, सरांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारला होता. पिशवीत बायाक्कासाठी हिरवं इरकल लुगडं होतं आणि किलोभर पेढे. चढणीवर कुडे फुलले होते, ते मनगटाएवढे, सरपणाचे कुडेसुद्धा पांढऱ्या झुबक्यांनी भरले होते आणि वाऱ्यावर मोगऱ्यासारखा वास येत होता. मी मजेत गुणगुणत चालले होते. वळणावर आले आणि थांबले.

आपलं झाड फुललं नव्हतं. शेंड्याकडे चारदोन पानं होती, तीही पिवळी. फांद्यांवर गेल्या वर्षीच्या वाळक्या शेंगा जोडीजोडीने लटकत होत्या.

मी जवळ गेले. माझ्या चार पट्ट्या ओळखू येत होत्या, काटकोनी, नीट. त्यांच्या मधल्या जागा आता रिकाम्या होत्या. कुणी विळ्याने ओरबाडल्यासारखी काढली होती, कुणी तिरपी, कुणी दोनदा. खोडाच्या भोवती छातीच्या उंचीवर एक पट्टा पुरा उघडा पडला होता. बोट ठेवून मी झाडाला फेरी घातली. बोट सालीला कुठेच लागलं नाही.

बी.एस्सी.ला मला वनस्पतिशास्त्र होतं. झाडाचं पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली मुळांना जातं, आणि चहूबाजूंनी साल निघाली की मुळं उपाशी मरतात, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. पाचपैकी पाच गुण मिळाले होते.

"आलीस व्हय?"

बायाक्का मागे उभी होती. पायवाटेने म्हशी घेऊन ती निघाली असावी.

"आक्का, हे कुणी..."

तिने पुढे होऊन एकेका जागेवर बोट ठेवलं. "ही सोनाबाईची. तिच्या नातीला लागलं तवा. ही धाकलूच्या बायकूची. ही बी तिचीच, पयली सांडली म्हनून. ही खालच्या वाडीची, त्यास्नी बी कुनी सांगितलं, आता कुटनं बी चालतंय." मग उत्तर आणि मावळतीच्या मधली शेवटची जागा आली. तिथे ती थांबली. "आनि ही माजी. शिमग्याला. गुडगा दुकत हुता. म्हटलं, मास्तरीन म्हनलीया, कशाला खाली उतराय पायजे?"

मी बुंध्याशी बसले. दोष एकाचाही नव्हता. प्रत्येकीने आपल्या पोरासाठी चार बोटं साल काढली होती, माझ्या शब्दावर. आणि आषाढ दीड महिन्यावर आला होता.

"रडू नगं."

मला थांबता येत नव्हतं. मी तिला हुंदके देतच सांगितलं, सालीतून काय वाहतं ते, आणि गोल पट्टा निघाला की काय होतं ते. हे मला माहीत होतं, पूर्वीपासून माहीत होतं, हेही सांगितलं. ती शेजारी टेकली. कितीतरी वेळ झाडाकडे पाहत होती. मग तिच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं, तीही रडतेय. पाहिलं तर ती हसत होती, डोळ्यांत पाणी आणून.

"माजा आज्जा लई लबाड हुता बग."

"का?"

"त्येला समदं ठावं हुतं. समद्यांनी एकाच अंगानं काढली तर झाड जगतंय, त्येला ठावं हुतं. पर त्यो तसं बोलला न्हाई. बोलला असता, झाड वाचवा, एकाच बाजूनं काढा, तर कुनी ऐकलं असतं? जी ती म्हनली असती, माज्या येवड्याशा सालीनं काय मरतंय? मी बी म्हनले असते." तिने पदराने नाक पुसलं. "म्हनून त्यो म्हनला, गुण उगवतीला हाय. आपल्या पोरासाटनं मग आंधळं-पांगळं बी वगळीत उतरतंय. आनि ज्येला खरंच नड न्हाई, त्यो उतरत न्हाई. न्हाई काढत."

मी त्या उघड्या पट्ट्याकडे पाहिलं. 

"तुजा तराजू खोटा न्हाई, पोरी," ती म्हणाली. त्या दिवशी तिने मला पहिल्यांदा पोरी म्हटलं. "आज्ज्याचं खोटं हुतं. पर कामाचं हुतं."

दुसऱ्या दिवशी तिने हळदीचे तांदूळ ठेवले आणि धाकलूकडून ते झाड बुंध्यापासून हातभर ठेवून तोडून घेतलं. मुळांत जीव आहे तोवर तोडलं तर कुडा बुडातून फुटतो, म्हणाली; वाळायला लागलेल्या झाडाची साल मात्र औषधाला चालत नाही म्हणून तिने ती घेतली नाही. कुऱ्हाड चालत होती तेव्हा या वेळी पाठ करून मी उभी राहिले, तर तिने माझा दंड धरून मला वळवलं. "बगायचं," म्हणाली.

कोल्हापूरला आले आणि सरळ प्रयोगशाळेतल्या फडताळापुढे जाऊन उभी राहिले. चार बरण्या. मोजमाप झालं होतं, पण शेवटचं काम, म्हणजे चारींतून शुद्ध स्फटिक काढून तपासणं, बाकी होतं, आणि त्याला ती सगळी साल लागणार होती. त्या झाडाची दुसरी साल आता मिळणार नव्हती. निदान मी आणणार नव्हते.

"मगदूम, तुम्ही थिसिसचा काढा करून पाजणार आहात का लोकांना?" नाडगौडा सर म्हणाले. रागावले होते, पण बरण्यांची किल्ली त्यांनीच टेबलावर सरकवली. वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. इचलकरंजीच्या मुलाने दुसरीकडे लग्न केलं. थिसिस एक वर्ष लांबला, नंतरच्या हिवाळ्यात बाजारातून एकेक तुकडा चाटून निवडलेल्या सालीवर पुरा झाला. त्या वर्षात माझ्या जिभेची चवच गेली होती.

ज्येष्ठाच्या शेवटाला, ओढा चढायच्या आत, मी ती साल घेऊन वर गेले. बरण्या जड म्हणून आप्पांनी ती चार पिशव्यांत भरून दिली होती. बरोबर मीठ-साखरेच्या पाण्याचं कसं करायचं ते मी शिकून आले होते, तेही सगळ्यांना शिकवलं. तोडलेल्या खोडाच्या बुडाशी तीन कोंब फुटले होते, तांबूस, करंगळीएवढे. बायाक्काने भोवती काट्यांचं कुंपण केलं होतं.

"ह्येची साल धराया धा-बारा वर्सं," ती म्हणाली. "तवर तू लगीन तरी कर."

घरात तिने घोंगडं अंथरलं आणि मी चारही पिशव्या त्यावर ओतल्या. उत्तर, दक्षिण, उगवती, मावळती, सगळी एकत्र झाली. बायाक्का त्या कडू, धुळकट ढिगाऱ्यातून मूठ मूठ घेऊन फडक्याच्या पुरचुंड्या बांधायला लागली, घरटी एक. बायका दारात येऊन बसल्या होत्या. झाड गेल्यापासून वाड्यात एकच बोलणं होतं, उगवती सोडली म्हणून झाड कोपलं. माझ्याकडे त्या जरा जपूनच बघत होत्या.

सोनाबाईंनी आपली पुरचुंडी घेतली, नाकाशी नेली, हातात वर-खाली करून पाहिली. मागे त्यांची नात पदर धरून उभी होती.

"ही उगवतीचीच हाय न्हवं?"

 सोनाबाईंनी प्रश्न मला विचारला होता. बायाक्काचे हात सालीतच थांबले आणि ती माझ्याकडे बघायला लागली. काही सुचवत नव्हती, नुसती बघत होती. माझ्या पिशवीत एकशे सातवं पान टाइप होऊन पडलं होतं.

"हो, मावशी," मी म्हणाले. "सगळी उगवतीचीच आहे. दुसऱ्या बाजूला गुण नसतो."

सोनाबाईंनी मान हलवली आणि पुरचुंडी कनवटीला लावली. बायाक्काने पुढचं फडकं घेतलं.

"मास्तरीनीला ताक द्या गं कुनीतरी," ती म्हणाली. "उनाचं चढून आलीया."